भाड्याच्या गाडीने दिल्ली: गाडी कुठे न्यायची, कुठे सोडायची

दिल्लीत फिरायला गाडी भाड्याने घ्यावी का, असं विचारलंत तर माझं उत्तर सरळ आहे: घ्यावी, पण सगळ्या दिवसांसाठी नाही. चार दिवसांचा मुक्काम असेल तर गाडी दोन दिवस, फार तर तीन. उरलेल्या दिवशी मेट्रो आणि पाय.

याचं कारण दिल्लीच्या घडणीत आहे. इथे एक राजधानी नाही, एकमेकींपासून लांब लांब वसवलेल्या सात-आठ राजधान्या आहेत. मेहरौलीचा लाल कोट, सिरी, तुघलकाबाद, जहांपनाह, फिरोजशाह कोटला, पुराना किला, शाहजहानाबाद आणि सगळ्यांत शेवटी इंग्रजांनी १९११ मध्ये घोषणा करून १९३१ पर्यंत उभी केलेली नवी दिल्ली. यातलं शाहजहानाबाद, म्हणजे आजची जुनी दिल्ली, पालखी आणि हत्तींच्या काळातलं. तिथे गाडी नेणं म्हणजे स्वतःला शिक्षा करून घेणं. नव्या दिल्लीचा नकाशा आखला तेव्हा मोटार आलेली होती, आणि दक्षिणेतले अवशेष इतके विखुरलेले आहेत की गाडीशिवाय ते एका दिवसात पाहून होत नाहीत. ही विभागणी डोक्यात ठेवली की अर्धं नियोजन तिथेच होतं.

चालकासह की स्वतः चालवायची?

चालकासह गाडीचं दिल्लीतलं ठरलेलं माप म्हणजे ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’. अर्ध्या दिवसाला ‘चार-चाळीस’, लांब दिवसाला ‘बारा-एकशेवीस’. वर गेलं की तासाचे वेगळे, किलोमीटरचे वेगळे. बुकिंग करताना एकच प्रश्न नक्की विचारा: मोजणी गॅरेजपासून गॅरेजपर्यंत की तुमच्या हॉटेलपासून हॉटेलपर्यंत? गॅरेज नोएडात आणि हॉटेल करोल बागेत असेल तर तुम्ही गाडीत बसण्याआधीच तास-दीड तास खर्ची पडलेला असतो. पार्किंग, टोल आणि रात्रीचा भत्ता भाड्यात धरलाय का, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. फोनवरचं बोलणं संध्याकाळी कुणालाच आठवत नाही.

या गाड्यांपैकी पुष्कळशा सीएनजीवर चालतात. सिलिंडर डिकीत असतो, त्यामुळे चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा हे गणित जमत नाही. स्टेशनवरून थेट फिरायला निघणार असाल तर मोठी गाडी मागा. पंपावर सीएनजी भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं आणि रांगही मोठी असते, म्हणून सकाळी टाकी भरूनच ये, असं चालकाला आदल्या रात्री सांगा.

स्वतः चालवायची तर नंबरप्लेट पाहा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायला नोंदवलेली गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. खासगी नोंदणीची गाडी अशी भाड्याने देणं नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. वाचलेले पाचशे रुपये तिथे कामाला येत नाहीत.

माझं मत विचाराल तर पुण्या-मुंबईच्या गर्दीत सराईतपणे गाडी चालवणाऱ्याला दिल्लीचे रस्ते रुंदीमुळे सोपे वाटतात, पण वेगामुळे अवघड जातात. आपल्याकडे गाडी हळू आणि चिकटून चालते, तिथे मोकळा रस्ता मिळाला की सगळे एकदम सुटतात. म्हातारे आई-वडील आणि लहान मुलं बरोबर असतील तर चालक घ्यावा. चालक असला की दारात उतरता येतं आणि पार्किंगची डोकेदुखी त्याची. दोघं-तिघं मित्र असाल आणि पहाटे निघायची हौस असेल तर स्वतः चालवण्यात मजा आहे.

गाडी ताब्यात घेताना

विमानतळावर उतरल्या उतरल्या गाडी घेऊ नका. टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो साधारण वीस मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला पोहोचवते, टर्मिनल १ ला मॅजेंटा लाइन येते. रात्र हॉटेलात काढा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी मागवा. एका दिवसाचं भाडं वाचतं आणि अंधारात अनोळखी रस्त्यांवर चाचपडावं लागत नाही. रेल्वेने येत असाल तर महाराष्ट्र-गोव्याच्या बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीनला थांबतात, हे चांगलंच. तिथून रिंगरोड आणि मथुरा रोड दोन्ही जवळ आहेत, गाडी स्टेशनबाहेर मागवायला नवी दिल्ली स्टेशनपेक्षा ती जागा कितीतरी बरी.

गाडी हातात आली की आधी मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: चारही बाजू, चारही चाकांच्या रिम, काच, छत, आतला डॅशबोर्ड, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा. आणून देणारा मुलगा घाईत असतो, ‘अरे सर, कुछ नहीं होता’ म्हणतो. त्याला थांबवा, आणि जुने ओरखडे त्याच्याच समोर कॅमेऱ्यात मोठ्याने बोलून दाखवा. डिपॉझिट परत मिळवताना हाच व्हिडिओ कामी येतो.

कागदपत्रांत आरसी, विमा, परमिट आणि पीयूसी. यातलं पीयूसी सर्वांत महत्त्वाचं, कारण दिल्लीत त्याची तपासणी कडक असते आणि दंड दहा हजारांपर्यंत जातो. तुमचं लायसन्स डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं. परदेशातून सुट्टीला आलेल्यांनी आपलं भारतीय लायसन्स मुदतीत आहे का, ते निघण्याआधी पाहावं. नसेल तर राहत्या देशातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा.

हिवाळ्यात जाणार असाल तर गाडी बीएस-६च (धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक पाळणारी) हवी, असा आग्रह धरा. हवा बिघडली की दिल्ली आणि आसपासच्या भागात टप्प्याटप्प्याने निर्बंध लागतात आणि तिसऱ्या टप्प्यात बीएस-३ पेट्रोल व बीएस-४ डिझेल मोटारींना बंदी होते. एप्रिल २०२० नंतर विकलेली गाडी बीएस-६ असतेच, म्हणजे आरसीवरची तारीख पाहिली की काम झालं. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का आणि ते कुणाचे, हेही विचारा. गुरुग्राम, नोएडा किंवा त्यापलीकडे जाणार असाल तर त्या राज्याचा कर भरलेला आहे का, हे लेखी घ्या. दिल्लीची हद्द कधी संपली ते गाडीत बसून कळत नाही, पण नाक्यावरच्या माणसाला बरोबर कळतं.

वार आणि ऋतू

सोमवारी दिल्लीला पोहोचायचं असेल तर तो दिवस कुतुबमिनार आणि हुमायूनच्या मकबऱ्यासाठी ठेवा. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल, तीन मूर्तीतलं प्रधानमंत्री संग्रहालय, गांधी स्मृती, रेल्वे संग्रहालय हे सगळं सोमवारी बंद. शुक्रवारी ताजमहाल बंद. जानेवारीच्या उत्तरार्धात कर्तव्य पथाच्या आसपास गाडी नेण्याचा विचार सोडा. २६ तारखेच्या संचलनाच्या तालमी आणि २९च्या बीटिंग रिट्रीटपर्यंत रस्ते कधी बंद होतील याचा भरवसा नसतो. तसंच १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्ला काही दिवस पर्यटकांना बंद असतो.

ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च हे गाडीने फिरायचे महिने. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं आणि सूर्य सहाच्या आधीच मावळतो. बहुतेक स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त उघडी असतात, त्यामुळे हिवाळ्यात उशिरा निघणाऱ्याचा दिवस फार लहान होतो. मे-जूनमध्ये पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा सकाळी सहा ते दहा आणि नंतर थेट संध्याकाळ. पावसाळ्यात कॅनॉट प्लेसजवळचा मिंटो ब्रिज टाळा. या पुलाखाली पाणी तुंबून बस बुडाल्याचे फोटो वर्तमानपत्रात येऊन गेलेत. भाड्याच्या गाडीच्या इंजिनात पाणी गेलं तर ते नुकसान विम्यात धरलेलं नसतं, असंच बहुतेक करारांत लिहिलेलं असतं.

रस्त्यावर उतरल्यावर

पहिला धडा गोल चक्कराचा. नव्या दिल्लीत मध्यभागी दर दोन-तीन मिनिटांनी एक गोल चक्कर येतं. तुमच्या उजवीकडून, म्हणजे चक्रातून आधीच फिरत येणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. बाहेर पडायचा रस्ता चुकला तर ब्रेक मारून आडवं घुसू नका, आणखी एक फेरी मारा. सगळे बंगले पांढरे, सगळे रस्ते झाडांचे, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळं एकसारखंच दिसतं. मी झाडांवरून खूण ठेवतो: अकबर रोडला चिंचा, जनपथला अर्जुन, कर्तव्य पथाला जांभळं. रस्त्यांची नावं मात्र बदललेली आहेत. राजपथचा कर्तव्य पथ झाला, रेसकोर्स रोडचा लोक कल्याण मार्ग, औरंगजेब रोडचा डॉ. एपीजे अब्दुल कलाम मार्ग. नकाशात नवं नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं.

दुसरा धडा रिंगरोड आणि आउटर रिंगरोडचा. इथे चौक कमी आणि फ्लायओव्हर जास्त. वरून जायचं की खालून, हे तीनेकशे मीटर आधीच ठरवावं लागतं, आणि नकाशाचा आवाज अनेकदा तो फाटा आल्यावरच बोलतो. शेजारी बसणाऱ्याने पडद्याकडे पाहत राहायचं, चालवणाऱ्याने रस्त्याकडे. उजवं वळण बऱ्याच ठिकाणी नसतंच, पुढे जाऊन फ्लायओव्हरखालून यू-टर्न घ्यायचा. वाट विचारलीत तर ‘लाल बत्ती से आगे, अगले कट से यू-टर्न’ असं उत्तर येईल. लाल बत्ती म्हणजे सिग्नल, कट म्हणजे दुभाजकातली फट.

वेगाची मर्यादा मोठ्या रस्त्यांवर ५० ते ७०च्या दरम्यान, वस्तीत आणि बाजारात ३०. मोकळ्या रस्त्यावर पन्नास फार हळू वाटतं, पण कॅमेरे भरपूर आहेत. मागच्या सीटवरच्यांनाही पट्टा लावायला सांगा. सिग्नलला पांढऱ्या रेषेच्या आत थांबा. फलक नसेल तर लाल दिव्याला डावीकडेही वळू नका. चलन गाडीच्या नंबरवर जातं, म्हणजे भाड्याने देणाऱ्याकडे, आणि तो ते स्वतःच्या आकारासकट तुमच्या डिपॉझिटमधून वळतं करतो.

पार्किंगसाठी एकच पथ्य: पावती छापील आणि तिच्यावर पालिकेचं नाव हवं. हातात पुस्तक घेऊन धावत येणारा प्रत्येक मुलगा अधिकृत नसतो. रस्त्याच्या कडेला चार गाड्या दिसल्या म्हणून पाचवी लावू नका, क्रेन दिल्लीत सतत फिरत असते. आणि सीटवर बॅग ठेवून उतरू नका, रिकामीसुद्धा.

गर्दीच्या वेळा सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ. पहिलं ठिकाण साडेसातला, म्हणजे गर्दी सुरू व्हायच्या आत तुम्ही आत असता. दुपारी जागा बदलायची आणि संध्याकाळच्या गर्दीत गाडी एका जागी उभी असेल असं बघायचं. खालचे दोन्ही दिवस याच हिशेबाने लावलेत.

पहिला दिवस: हुमायून ते इंडिया गेट

साडेसातला हुमायूनच्या मकबऱ्याच्या पार्किंगमध्ये. तिकीट पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावर आधी काढलं तर ३५ रुपये, खिडकीवर रोखीने ४०. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मकबरा १५७०च्या सुमारास पूर्ण झाला, ताजमहालाच्या कितीतरी आधी. सकाळचं तिरपं ऊन लाल दगडावर असताना गर्दीही नसते. गाडी तिथेच राहू द्या. शेजारी सुंदर नर्सरी आहे आणि या दोन्हींना जोडणारं जमिनीखालचं नवं संग्रहालय २०२४ मध्ये सुरू झालं आहे. तिन्ही मिळून तीन तास सहज जातात.

रस्ता ओलांडून पलीकडे निजामुद्दीन बस्ती. तिथे गाडी मुळीच नाही, चालतच जा. दर्गा, अमीर खुसरोची कबर आणि कोपऱ्यावर मिर्झा गालिबची. गल्ल्या अरुंद, फुलं विकणारे हाका मारणारे, चपला ठेवण्यावरून पैसे मागणारे. हे आवडत नसेल तर गालिबला भेटून परत फिरा.

मग लोधी रोड धरायचा. हुमायूनचा मकबरा पूर्वेला, सफदरजंगचा पश्चिमेला आणि मधे लोधी गार्डन, हे सगळं जवळपास एका सरळ रेषेत, चार-एक किलोमीटरच्या आत. मुघल मकबऱ्यांचा भरबहर एका टोकाला आणि उतरती कळा दुसऱ्या. लोधी गार्डनमध्ये दुपारी झाडाखाली जेवणारी कुटुंबं दिसतात, तुम्हीही डबा नेला तर छानच. पार्किंग थोडं आहे आणि रविवारी ते भरलेलंच असतं. सफदरजंगचा मकबरा १७५४चा. याच सफदरजंगाने १७५२ मध्ये मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंद्यांशी करार करून दिल्लीच्या रक्षणाचं काम मराठ्यांवर सोपवलं होतं. मकबरा हुमायूनच्या मानाने बेढब आहे, पण निवांत आहे. वेळ कमी असेल तर दरवाज्यातूनच बघून पुढे निघा.

दुपारी प्रधानमंत्री संग्रहालय करता येतं, मात्र ते अडीच-तीन तास खातं. राष्ट्रपती भवन आतून पाहायचं तर संकेतस्थळावर वेळ आरक्षित करावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अमृत उद्यान उघडतं, तेव्हा त्या भागात गाडी न नेलेली बरी. तिथून जवळच तालकटोरा. १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांच्या फौजेची चकमक या परिसरात झाली आणि २०२५चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तालकटोरा स्टेडियममध्येच भरलं. थांबून पाहण्यासारखं काही नाही, जाता जाता गाडीतल्या मंडळींना सांगायला ठीक.

इंडिया गेटला सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचा. ४२ मीटर उंचीची ही कमान इंग्रज वास्तुविशारद लट्यन्सची, शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९चं, आणि मला विचाराल तर स्मारक जास्त वेळ देण्यासारखं आहे. भोवतीच्या षटकोनी रस्त्यावर गाडी थांबवू देत नाहीत, ठरलेल्या पार्किंगमध्येच लावा. जेवायला कोपर्निकस मार्गावरचं जुनं महाराष्ट्र सदन आणि कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं, दोन्ही तिथून हाकेच्या अंतरावर. वेळ आणि बाहेरच्यांना प्रवेश आहे का, ते फोन करून विचारा. नाहीतर गुरुद्वारा बंगला साहिबला जा. तिथे स्वतःचं पार्किंग आहे, तलावाच्या काठी बसता येतं, आणि लंगर सगळ्यांसाठी खुला असतो.

दुसरा दिवस: दक्षिण, जिथे गाडीचे पैसे खरे वसूल होतात

बहुतेक पर्यटक कुतुबमिनार पाहून परत फिरतात. गाडी हाताशी असताना तसं करू नका.

कुतुब सकाळी सात-साडेसातला. पार्किंग प्रवेशद्वारासमोर रस्त्यापलीकडे आहे. साडेबहात्तर मीटरचा मिनार आणि गुप्तकाळातला न गंजलेला लोहस्तंभ सगळेच पाहतात, पण मराठी माणसाने अर्धवट राहिलेल्या अलाई मिनारापाशी थोडं थांबावं. कुतुबच्या दुप्पट उंच मिनार बांधायचा बेत करणारा हा अलाउद्दीन खिलजी म्हणजे १२९६ मध्ये देवगिरीच्या रामदेवरायावर चालून आलेला आणि तिथली लूट उत्तरेत नेणारा तोच. पहिलाच मजला झाला आणि तो वारला. उरलाय तो पंचवीसेक मीटरचा ओबडधोबड दगडी बुंधा.

बाहेर पडून मेहरौली पुरातत्त्व उद्यानात जा. चालत दहा-पंधरा मिनिटं, गाडी हलवायची गरज नाही. तिकीट नाही, गर्दी नाही. राजों की बावली आणि जमाली-कमालीची मशीद एवढं तरी पाहाच. बावलीच्या पायऱ्या उतरताना आपल्याकडच्या बारवांची आठवण होते, फक्त इथल्या कमानींचं काम जास्त नाजूक. उद्यानात पाट्या कमी आहेत, नकाशा मोबाइलवर आधी उतरवून ठेवा.

अकराच्या सुमारास मेहरौली-बदरपूर रोडने तुघलकाबाद. अंतर आठ-नऊ किलोमीटरच, पण रस्ता रेंगाळणारा आणि मेट्रोच्या नव्या मार्गिकेच्या कामाने आणखी अरुंद झालेला, पाऊण तास धरून चला. मेट्रोने इथे येणं जिकिरीचं, रिक्षा येते पण परतीला मिळत नाही. म्हणूनच दुसऱ्या दिवशी गाडी हवी.

गियासुद्दीन तुघलकाने १३२१ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. तिरप्या, जाड, रखरखीत भिंती मैलभर पसरलेल्या आहेत आणि आत एकही टपरी नाही. पाणी, टोपी, बंद बूट. गाडीच्या काचा पूर्ण वर करा, माकडं आहेत. रस्त्यापलीकडे गियासुद्दीनचा लाल दगडाचा, पांढऱ्या घुमटाचा छोटेखानी मकबरा आहे. तो पूर्वी तळ्यात होता आणि किल्ल्यापासून तिथवर उंच बांध होता. आजचा रस्ता तोच बांध कापून गेलाय. आतल्या तीन कबरींपैकी एक त्याच्या मुलाची, महंमद तुघलकाची, असं मानतात. १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी उचलून दौलताबादला नेणारा हाच. त्याने बांधलेला आदिलाबादचा किल्ला समोरच्या टेकडीवर दिसतो. दौलताबाद चढून गेलेल्या माणसाने इथे उभं राहिलं की त्या हुकमाचा वेडेपणा अंतरासकट समजतो. दुपारी तीननंतर किंवा एकट्याने आत खोलवर जाऊ नका, जागा निर्मनुष्य आहे.

परतीला कालकाजी-लोटस टेंपलवरून यायचं की नाही, हे रांग बघून ठरवा. रांग रस्त्यावर आली असेल तर बाहेरूनच बघा, आत प्रार्थनेचं साधं दालन आहे. संध्याकाळ आयएनएच्या दिल्ली हाटमध्ये काढावी. १९९४ पासूनच्या या बाजारात राज्याराज्यांचे खाद्यपदार्थांचे गाळे आहेत, महाराष्ट्राचाही आहे, पण दिल्लीत येऊन वडापाव खाण्यापेक्षा नागालँड किंवा बिहारच्या गाळ्याकडे वळा. साडेपाच ते आठ गाडी तिथेच उभी राहू द्या, रिंगरोड तोवर भरलेला असतो.

अक्षरधाम यमुनेच्या पूर्वेला आहे, ते या दोन दिवसांत कोंबू नका. वेगळी अर्धी संध्याकाळ द्या. पार्किंग त्यांचं स्वतःचं आहे; मोबाइल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे बाहेर कुठल्या खांबापाशी भेटायचं ते आधी ठरवा.

जुनी दिल्ली: गाडी हॉटेलात

चांदनी चौकच्या मुख्य रस्त्यावर लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे. व्हायलेट लाइनने लाल किला किंवा जामा मशीद स्टेशन, नाहीतर यलो लाइनने चांदनी चौक किंवा चावडी बाजार. नोव्हेंबर २०२५ मध्ये लाल किल्ल्याजवळ मोटारीत स्फोट झाल्यापासून त्या भागात गाड्यांवर नजर जास्त असते, हे आणखी एक कारण.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासच्या छताकडे मान वर करून बघा. तिथे पूर्वी चांदीचं छत होतं. १७६० मध्ये पानिपतच्या तोंडावर सदाशिवरावभाऊंनी ते उतरवून वितळवलं, फौजेचा पगार भागवायला पैसे नव्हते. बाहेर आल्यावर चांदनी चौकच्या तोंडाशीच गौरीशंकर मंदिर आहे, ते अप्पा गंगाधर या मराठ्याने बांधलं असं सांगतात. पुढे जिलबी, पराठे, खारी बावलीतला मसाल्यांचा ठसका. तिथे कुठल्या क्रमाने फिरायचं हे मी सांगत नाही, गर्दी नेईल तसं जा.

हॉटेल निवडताना मात्र हे लक्षात ठेवा: पहाडगंज आणि करोल बागेतली स्वस्त हॉटेलं ‘पार्किंग उपलब्ध’ म्हणतात तेव्हा ते बऱ्याचदा समोरच्या गल्लीतलं असतं आणि रात्री अकराला किल्ली मागायला माणूस येतो. आवारातलं आहे का, असं स्पष्ट विचारा.

एक दिवस हातात असेल तर

आग्रा गाडीने करू नका, असं मी सांगेन. यमुना एक्सप्रेसवे १६५ किलोमीटरचा सुंदर रस्ता आहे, पण हिवाळ्यात धुक्यामुळे तो सकाळी भीतिदायक होतो आणि ताजपाशी गाडी नेऊ देत नाहीतच, शिल्पग्रामच्या पार्किंगमधून बॅटरीच्या गाडीने जावं लागतं. निजामुद्दीनहून सुटणारी गतिमान एक्सप्रेस शंभर मिनिटांत आग्र्याला पोहोचवते. शुक्रवारी ती धावत नाही, ताजही तेव्हा बंदच असतो.

गाडी पानिपतला न्या. राष्ट्रीय महामार्ग ४४ ने साधारण ९० किलोमीटर, सकाळी सहाला निघालात तर दिल्ली-हरियाणा हद्दीवरच्या सिंघूची गर्दी लागत नाही. वाटेत मुरथलला ढाब्यांची रांग आहे, पांढऱ्या लोण्याचा गोळा ठेवलेला तंदुरी पराठा एकाने संपत नाही, दोघांत घ्या. शहरापासून थोडं बाहेर काला अंबचं स्मारक, १४ जानेवारी १७६१चं. आत मोठं काही नाही: बाग, स्तंभ, भित्तिशिल्पं. तरी मराठी पाट्यांच्या गाड्या तिथे नेहमी दिसतात. गावात इब्राहिम लोदीची कबरही आहे. त्याच्या बापाचा, सिकंदरचा मकबरा तुम्ही पहिल्या दिवशी लोधी गार्डनमध्ये पाहिलेला असतो. दुपारी तीनपर्यंत परतीला लागा. या दिवसासाठी करारातली किलोमीटरची मर्यादा आणि हरियाणाचा कर दोन्ही तपासा, जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास होतात.

१८०३ मध्ये इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेला पटपडगंजच्या लढाईत हरवून दिल्ली घेतली, त्याचा स्मारकस्तंभ नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये उभा आहे. मुद्दाम जाण्यासारखं नाही. आत सोडतीलच असंही नाही.

गाडी परत देताना

इंधन घेतलं होतं तितकंच भरा आणि पंपाची पावती ठेवा. गाडी उजेडात परत द्या. रात्री आठला, पार्किंगच्या पिवळ्या दिव्यात दिलेल्या गाडीवर दुसऱ्या दिवशी ओरखडे सापडतात. पुन्हा तसाच व्हिडिओ काढा, नेणाऱ्या माणसाच्या हातात किल्ली दिसेल असा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गाडी मिळाली, किलोमीटर इतके’ असं त्याच्याकडून लिहून घ्या. फास्टॅगचा हिशेब तिथेच मिटवा.

कॅमेऱ्याचं चलन यायला काही दिवस लागतात, म्हणून डिपॉझिट लगेच मिळत नाही, यात काही काळंबेरं नाही. परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून तुम्हीही पाहू शकता. तुमच्या तारखा आणि वेळांबाहेरचं चलन कुणी गळ्यात मारत असेल तर त्यावरची वेळ आणि करारावरची वेळ शेजारी ठेवून पाठवा. गाडी देतानाचा व्हिडिओ डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत मोबाइलमधून काढून टाकू नका.